एका घडीचा नाताळ : लहान मुलांबरोबर कागदाचा नाताळबाबा, झाड आणि चांदणी

मुलांना नाताळच्या कागदी वस्तू शिकवायच्या असतील तर दहा वस्तूंच्या मागे लागू नका. एक घडी शिकवा, पतंगाची. ती हातात बसली की तिच्यातूनच नाताळबाबा होतो, झाड होतं आणि गोठ्यावर, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यावर, टांगायची मोठी चांदणीही होते.

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमची बालवाडी आहे. मी नवीन होते तेव्हा हे सगळं उलटं केलं होतं. सोमवारी झाड, मंगळवारी देवदूत, बुधवारी घंटा. प्रत्येक वस्तूची घडी वेगळी, त्यामुळे मुलांसाठी रोजचा दिवस पहिलाच. शेवटी रात्री बसून सगळ्यांच्या वस्तू मीच पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी एक आई कौतुकाने लेकीचं झाड बघायला लागली, तर पोरगी शांतपणे म्हणाली, "ह्यां बाईंनी केल्यानी." तिचं बरोबर होतं. त्या झाडात तिची एकही घडी नव्हती.

तेव्हापासून डिसेंबरात आमच्याकडे एकच घडी असते. पहिले दोन दिवस नुसता सराव, मग वस्तू. घरी एकट्या मुलाबरोबर बसणार असाल तर एका दुपारी घडी आणि नाताळबाबा होतो, झाड आणि चांदणी पुढच्या दोन दिवसांत.

कागद आणि बैठक

सामान थोडं आहे : घोटीव कागद (एका बाजूने रंगीत, मागून पांढरा), पतंगी कागद, डिंक, बोथट टोकाची कात्री, पट्टी, पेन्सिल, स्केचपेन, थोडा कापूस आणि टिकल्यांचं एक पाकीट. टिकल्या कशाला ते पुढे येईलच. पतंगी कागद विकत आणायच्या आधी माळ्यावर बघा. दिवाळीत आकाशकंदील केला असेल तर उरलेले तुकडे हमखास सापडतात.

घोटीव कागद मिळाला नाही तर झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या आणि एक बाजू मुलांना मेणखडूने रंगवायला द्या. यात अर्धा तास जातो, पण तो कागद मूल जपून दुमडतं, कारण तो त्याने रंगवलेला असतो. कार्डशीट घेऊ नका. ते जाड असतं, लहान बोटांना घडी दाबता येत नाही आणि मूल चिडतं. सरावासाठी जुनं वर्तमानपत्र चालतं, फक्त शाईने बोटं काळी होतात, तेव्हा ओला फडका जवळ ठेवा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळायची. पावसाळाभर कपाटात राहिलेला कागद मऊ पडलेला असतो. त्याला घडी घातली तरी ती फुगते आणि हळूहळू उघडते. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून आदल्या दिवशी कागद सावलीत पसरा आणि रात्री जाड वह्यांखाली दाबून ठेवा. उन्हात ठेवू नका, घोटीव कागद पापडासारखा वळतो. बसायचं ते सकाळी दहानंतर, म्हणजे हवेतला ओलावा उतरलेला असतो.

चटईवर बसून घडी नीट पडत नाही, खालच्या विणीचे वळ कागदावर उठतात. प्रत्येक मुलापुढे एक पाट ठेवा, नाहीतर सरळ गुळगुळीत फरशीवर बसवा. पंखा बंद. पतंगी कागद काढलात की खिडकीही लोटून घ्या, खारा वारा आत आला तर सगळी चांदणी अंगणात जाते.

ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंमीचा असतो. त्याचा चौकोन करायला आखूड कड उचलून लांब कडेवर आणा, त्रिकोण होईल, आणि खाली उरलेली पट्टी कापा. २१ सेंमीचा चौकोन मिळतो. साधारण ८.७ सेंमी रुंदीची पट्टी उरते, ती फेकू नका. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी चौकोन तुम्हीच कापून ठेवा. मुलांनी कापलेला चौकोन सहसा चौकोन नसतो आणि मग पुढच्या सगळ्या घड्या बिघडतात.

पतंगाची घडी

मुलांना बोलायच्या शब्दांतच सांगा. 'कर्ण' आणि 'मध्यरेषा' त्यांच्या कामाचे नाहीत. मी 'टोक', 'कड', 'वाट' आणि 'दार' एवढेच शब्द वापरते.

चौकोन पाटावर ठेवा, रंगीत बाजू खाली, पांढरी वर. कागद असा फिरवा की एक टोक मुलाच्या पोटाकडे येईल आणि एक समोर. पोटाकडचं टोक उचलून समोरच्या टोकावर ठेवायला सांगा. दोन्ही टोकं जुळली की एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्या हाताने घडी दाबायची. नंतर कागद उघडायचा. मधे जी रेघ पडली ती आपली वाट.

आता कागद फिरवा, म्हणजे वाट मुलाच्या पोटापासून सरळ समोर जाईल. वाटेच्या समोरच्या टोकाला आतल्या, पांढऱ्या बाजूवर एक टिकली लावा. ही माझी सगळ्यात उपयोगाची युक्ती. टिकलीला दोन कडा चिकटलेल्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावी कड उचलून वाटेवर आणायची, मग उजवी. दोन दारं बंद केल्यासारखी. "दारं मिटली का? फटीतून वारा येता काय बघ," असं म्हटलं की मुलं स्वतःच डोळा लावून फट बघतात. दारं मिटल्यावर टिकली आत झाकली जाते आणि समोर पतंग तयार असतो. वरचं टोक अणकुचीदार, खालचं चौकोनाच्या कोपऱ्यासारखं.

टिकली नसेल तर काय होतं? मूल एक दार समोरच्या टोकापासून मिटतं आणि दुसरं पोटाकडच्या टोकापासून. मग पतंगाऐवजी तिरका, लांबट आकार येतो आणि कुठे चुकलं हे त्याला कळत नाही. "दोन्ही दारं टिकलीपासून" एवढं वाक्य पुरतं. मी तीन वर्षं हातवारे करून समजावत होते, ते काम एका टिकलीने केलं.

मुलाच्या हाताकडे जरा थांबून बघा. गेल्या वर्षी पाच वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा दार मिटत होता. डाव्या अंगठ्याने टोक दाबून धरलं होतं, इतकं घट्ट की नख पांढरं पडलं. उजव्या हाताची तीन बोटं कड ओढत आणत होती, आणि कड वाटेच्या अलीकडे एक केसभर थांबली. त्याने ती दाबली नाही. मागे घेतली, पुन्हा आणली, या वेळी वाटेवर. मगच नख फिरवलं. अशा वेळी आपला हात पुढे जातो, जाऊ देऊ नका. कड सरकवायची ती एक खेप त्याची त्यालाच करायची असते.

घडी दाबायची ती बोटाने घासून नव्हे. आधी बोट सावकाश फिरवून घडी बसवायची, नंतर नखाची पाठ फिरवायची. नख नीट फिरवलं तर घडी कडक होते आणि पतंग पाटावर सपाट बसतो. तीन वर्षांचं मूल असेल तर त्याला फक्त पहिली घडी द्या, वाटेची. दारं मोठ्या भावंडाने मिटावी. डावखुऱ्या मुलाला आधी उजवं दार मिटू द्या, त्याचा हात वळवायला जाऊ नका. आणि कोणी रडकुंडीला येऊन म्हणालं, "बाई, माजो पतंग वाकडो झालो," तर नवा कागद पटकन देऊ नका. वाकडा पतंग उघडा, पालथा करून हाताने सपाट करा, त्याच वाटेवर पुन्हा घालू द्या. दुसऱ्या खेपेला घडी आपोआप बरी येते.

फ्रीड्रिख फ्रोबेलने जर्मनीत १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, पुढे १८४० मध्ये तिला किंडरगार्टन म्हटलं. त्याने मुलांसाठी जी हातकामं बसवली त्यांत कागदाच्या घड्या होत्या. आपल्या कोकणपट्टीच्या उत्तरेला, बोर्डीत, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. महागडी साधनं न आणता भोवताली मिळेल त्यातून गावातल्या मुलांना शिकवायचं, हे त्या दोघींनी करून दाखवलं. पाट, कागद आणि टिकली घेऊन बसते तेव्हा मला त्या दोघींची आठवण येतेच.

नाताळबाबा

लाल घोटीव कागदाचा पतंग घाला आणि बघा, तुम्ही काही न करता नाताळबाबा झालेला आहे. मिटलेल्या दारांची लाल टोपी आणि खाली पांढरा त्रिकोण, म्हणजे दाढी. दारं टोपीच्या कडेवर बरोबर संपतात, त्यामुळे लाल आणि पांढऱ्याची सीमा सरळ येते. मुलं हे बघून ओरडतात, दर वर्षी.

१५ सेंमीचा चौकोन यासाठी योग्य. लाल जिथे संपतं तिथून खाली दोन डोळे आणि नाक काढायचं, त्याखाली स्केचपेनने दाढीच्या रेघा. टोपीचं टोक थोडं एका बाजूला दुमडा आणि त्यावर कापसाचा गोळा चिकटवा. मागे दोरा लावला की झाडावर टांगता येतो. कापूस चिकटवताना डिंक कागदाला लावा, कापसाला लावलात तर सगळा गोळा बोटांना येतो.

झाड

हिरवा पतंग घाला आणि खालचा पांढरा त्रिकोण मागे दुमडा. पूर्ण हिरवा त्रिकोण उरतो. असे तीन, लहानमोठे. चौकोन २१, १५ आणि १०.५ सेंमीचे घ्या. १०.५चा चौकोन म्हणजे २१च्या चौकोनाची चौथाई. हे सांगायचं कारण असं की या घडीत झाडाची उंची चौकोनाच्या बाजूएवढीच येते. १५च्या चौकोनातून १५ सेंमी उंच त्रिकोण. सातआठ वर्षांच्या मुलांना हे पट्टीने मोजून बघायला आवडतं.

चिकटवायच्या आधी तिन्ही त्रिकोण मोठ्या कागदावर मांडून बघा. मोठा खाली, मधला त्याच्या निम्म्या उंचीवर, सगळ्यात लहान मधल्याच्या निम्म्यावर. झाड साधारण २८ सेंमी उंच होतं. चौकोन कापताना उरलेल्या पट्टीतून तपकिरी रंगवून बुंधा करा.

आमच्याकडच्या मुलांनी नाताळचं झाड पाहिलेलं असतं ते सुरूचं. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातली फांदी आणायची, पत्र्याच्या डब्यात वाळू भरून रोवायची आणि सजवायची. म्हणून मुलं विचारतात, आपलं झाड असं त्रिकोणी का? सांगायचं की थंड देशातली ही झाडं खाली पसरट, वर निमुळती असतात, बर्फ त्यांच्यावरून घसरून खाली पडतो. एका मुलीने मग त्रिकोणांच्या कडांना कात्रीने बारीक चिरा दिल्या, कारण तिला सुरूच हवा होता. चिरा दिल्यावर झाड खरंच सुरूसारखं दिसायला लागलं. आता आम्ही दोन्ही प्रकार करतो.

चांदणी

नाताळात येशूच्या जन्माची गोष्ट सांगताना मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो तारा, दुरून आलेल्या ज्ञानी माणसांना, म्हणजेच तीन राजांना, वाट दाखवणारा. त्यामुळे चांदणीला मी सगळ्यात जास्त वेळ देते. ही एकट्या मुलाची वस्तू नाही. एका चांदणीला आठ पतंग लागतात आणि आठ मुलं एकेक पतंग घालतात. सुरुवातीला मी प्रत्येक मुलाला आठ-आठ कागद दिले होते. चौथ्या पतंगाला सगळी थकली आणि एकही चांदणी पुरी झाली नाही.

पतंगी कागदाचे १०.५ सेंमीचे आठ चौकोन घ्या. चार पिवळे, चार लाल, असे दोन रंग असले तर पुढे जुळवणी सोपी जाते. कागद पातळ असल्यामुळे नख हळू फिरवायचं, नाहीतर घडीवरच फाटतो. टिकली इथे लावू नका, उजेडात ती आतून दिसते. पेन्सिलीचा बारीक ठिपका पुरे. दारं मिटल्यावर दोन्ही दारांच्या खालच्या कोपऱ्यात डिंकाचा बारीक ठिपका द्या, नाहीतर टांगल्यावर ती उघडतात.

जुळवणी मोठ्या माणसाने करावी, मुलांनी एकेक पतंग आणून द्यावा. इथे पतंग उलटा वापरायचा असतो आणि नवखे लोक तिथेच चुकतात. अणकुचीदार टोक बाहेर, कोपऱ्यासारखं बोथट टोक चांदणीच्या मध्यात. पहिला पतंग मिटलेली दारं वर ठेवून पाटावर मांडा, बोथट टोक तुमच्याकडे. दुसरा पतंग त्याच्यावर ठेवा, बोथट टोकावर बोथट टोक, आणि मग तो डावीकडे फिरवा, त्याच्या बोथट टोकाची उजवी कड पहिल्याच्या वाटेवर अचूक बसेपर्यंत. तिथे डिंक. तिसरा दुसऱ्यावर तसाच, रंग आलटून पालटून. बोथट टोक काटकोनाचं असतं, वाट त्याचे दोन सारखे भाग करते, म्हणून दर पतंगाला चांदणी एक अष्टमांश फिरते आणि आठव्याला चक्कर पुरी होते. पुरी होत नसेल किंवा पतंग जास्त झाला असेल तर कुठेतरी कड वाटेवर बसलेली नाही. ओल्या डिंकावर लगेच सरकवा. आठव्या पतंगाची डावी बाजू पहिल्या पतंगाच्या खाली सरकवून चिकटवायची, म्हणजे सुरुवात आणि शेवट कुठे हे दिसत नाही.

डिंक जपून. पाण्याने पतंगी कागदाचा रंग सुटतो आणि कागद सुरकुततो, म्हणून पातळ खळ इथे चालत नाही. काडीवर घेतलेला घट्ट डिंक किंवा गोंदकांडी वापरा. नाताळबाबाला आणि झाडाला मात्र भाताची चार मऊ शितंसुद्धा चालतात, आमच्या घरी लहानपणी पाकिटं तशीच चिकटवायचे. पण शितांनी चिकटवलेली वस्तू उघड्यावर फार दिवस ठेवू नका, मुंग्या येतात.

चांदणी जवळपास ३० सेंमी रुंद होते. टेबलावर ती साधीच दिसते. खिडकीच्या काचेला लावून सकाळच्या उजेडात बघा. जिथे कागद एकावर एक आले तिथे रंग गडद, जिथे एकेरी तिथे फिकट, आणि मधोमध आणखी एक लहान चांदणी उमटलेली दिसते. ती कोणी काढलेली नसते, घड्यांतून आलेली असते. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांना ती सापडू द्या.

रात्री मागे दिवा लावायचा असेल तर एलईडीचीच माळ लावा आणि ती कागदापासून वीतभर लांब ठेवा. मेणबत्ती किंवा पणती कागदाच्या आसपासही नको, गोठ्यात भाताचा पेंढा असतो तेव्हा तर मुळीच नको.

उरलेलं

जपून ठेवलेल्या पट्ट्यांच्या बोटभर रुंद फिती करा आणि कडीत कडी अडकवून माळ करा. तीन-चार वर्षांच्या मुलांना हे काम द्या, तोवर मोठी मुलं चांदणीपाशी बसलेली असतात. आणि सरावाला घेतलेल्या वर्तमानपत्राच्या होड्या. त्या आमच्या मुलांना शिकवाव्या लागत नाहीत. गेल्या वर्षी शेजारच्या घरी गोठा रचताना मुलांनी वाळूचा एक कोपरा केला, त्यात नाचणी रुजत घातली होती तिच्या हिरवळीशेजारी दोन कागदी होड्या ठेवल्या आणि म्हणाली, तीन राजे उंटावरून आले, पण आपल्याकडचे होडीतून येणार.

सहा जानेवारीला, तीन राजांचा सण झाल्यावर, बऱ्याच घरी सजावट उतरवतात. चांदणी तेव्हा ओढून काढू नका. काचेवरची चिकटपट्टी ओल्या बोटाने भिजवलीत तर कागदाला डाग पडतो, म्हणून कोरड्या पट्टीने कड सोडवा. दोन वर्तमानपत्रांच्या मधे सपाट ठेवून पत्र्याच्या डब्यात घाला आणि डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. जूनमध्ये भिंतीला ओल येते तेव्हा एकदा उघडून बघा.